माझ्या गळ्यातली पांढरी दोरी

मित्रांनो, मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून तुम्ही म्हणायला नको की एवढी लांबलचक केबल आणि हिला कसली भीती. मी एक जुनी काचेची केबल आहे. माझे एक टोक मुरुडच्या कोळीवाड्याजवळ, इंटरनेटच्या एका कोंदट खोलीत आहे. दुसरे टोक गावाबाहेरच्या टेकडीवर, वायरलेसच्या मनोऱ्याखालच्या पत्र्याच्या खोपटात आहे. मधले सगळे अंग जमिनीखाली आहे. वर सुरूची झाडे, नारळी-सुपारीच्या वाड्या, एसटीचा एक थांबा, आणि खाली मातीत निजलेली मी.

तुमच्या घरातल्या विजेच्या तारेत तांबे असते. माझ्या पोटात केसासारखी बारीक काच आहे आणि त्या काचेतून प्रकाश धावतो. इकडे कुणी बोलले की यंत्र त्या बोलण्याचा प्रकाश करते. तो मी पलीकडे नेते आणि तिकडचे यंत्र त्याचे पुन्हा बोलणे करते. प्रकाश चालू असला की मी जिवंत. तो थांबला की आत असा काळोख होतो की मी अजून आहे की संपले, हे माझे मलाच कळत नाही. या काळोखाला मी सगळ्यात जास्त घाबरते.

माझा जन्मही भीतीतच झाला. कारखान्यात काचेची जाड कांडी भट्टीत तापवली आणि पाकातून तार ओढावी तशी मला तिच्यातून ओढून काढली. शेजारच्या यंत्रावर माझी एक बहीण ओढली जात होती. ती तुटली. काच फुटली की खळकन आवाज होतो असे तुम्हाला वाटत असेल, पण आमच्यातली कुणी तुटते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, "फार वाकवू नको, जाईल." माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य. पुढे मला कवच घातले, त्यावर दोरे गुंडाळले, वरून काळा जाड डगला चढवला. पण आत मी तीच राहिले, 'जाईल' म्हटले की दचकणारी.

मुरुडला मी टेम्पोतून आले, मोठ्या लाकडी रिळावर बसून. तिथे मला दिनानाथकाका भेटले. ते कोळीवाड्यातले. वडिलांची होडी भावाकडे देऊन ते केबलच्या कामाला लागले होते. रीळ सोडताना मजुरांना म्हणत, "हळू रं. जाळं न्हाय हे, काच हाय." त्यांनी मला चरातून टेकडीपर्यंत नेले. जिथे वळायचे तिथे मोठा वळसा दिला, कुठेही आवळले नाही. त्यांच्या हातात असताना पहिल्यांदाच मला जरा मोकळा श्वास घेता आला.

खोलीत शिरताना माझा काळा डगला उतरवला आणि अंगावर उरला पातळ पिवळा सदरा. गंमत अशी की त्या खोलीत सगळ्यांचाच सदरा पिवळा. भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती, तिला रॅक म्हणतात. तिथे बँकेची केबल, दवाखान्याची, शाळेची, कितीतरी लॉजांच्या, अशा सगळ्या जणी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. वाळत घातलेल्या शेवयाच जणू. कुणाचे टोक कुठले, हे पाहून सांगणे कुणाच्या बापाला जमले नसते. आम्हाला तोंड नाही, त्यामुळे आम्हीही सांगू शकत नाही.

कंपनीने आमच्या गळ्यात कागदी चिठ्ठ्या बांधल्या होत्या. पण आमच्याकडची हवा खारी. पहिल्याच पावसाळ्यात शाई पसरली, डिंक सुटला आणि चिठ्ठ्या रॅकच्या पायाशी गळून पडल्या. नाव गेले की कुणीही आपल्याला काहीही समजू शकते.

दिनानाथकाकांनी मात्र डोके लढवले. समुद्रात जाळे कुठे आहे ते कळावे म्हणून त्याला तरंगणारे बोये लावतात. लांबून सगळे बोये सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या बोयाला आपल्या रंगाची दोरी बांधते. काकांनी तेच इथे केले. जाळ्याची नायलॉनची दोरी कुजत नाही आणि तिचा रंगही जात नाही. त्यांनी बँकेला निळी बांधली, दवाखान्याला पिवळी, शाळेला जांभळी. मला बांधली लाल आणि हिरवी अशी दुहेरी दोरी. आणि ज्या लाइनी बंद पडल्या, म्हणजे कुलूप लागलेल्या लॉजांच्या वगैरे, त्यांना पांढरी. पांढरी दोरी म्हणजे पलीकडे कुणी नाही, सवड मिळाली की कापायची.

माझ्या शेजारीच अशी एक पांढरी दोरीवाली होती. एका बंद लॉजची केबल. तिच्या आत कित्येक दिवस काळोख होता. तिच्याकडे मी पाहणे टाळत असे.

आता माझे काम सांगते. गल्लीच्या पलीकडे मच्छीमारांच्या संस्थेचे ऑफिस आहे. खोल समुद्रात मोबाइलची रेंज मिळत नाही, म्हणून बोटींवर वायरलेस असतो. ऑफिसातला आवाज आमच्या खोलीत येतो, माझ्यातून टेकडीवर जातो आणि मनोऱ्यावरून बोटींपर्यंत पोचतो. बोटींचा आवाज त्याच वाटेने परत येतो. ऑफिसात वायरलेसवर बसते कोकिळा. तिचा नवरा निकेश 'माऊलीकृपा' नावाच्या बोटीवर आहे. कामावर असताना ती त्याला नावाने हाक मारत नाही. इतर बोटींना मारते तशीच हाक मारते, "माऊलीकृपा, आयकू येतंय का?" तिकडून तो म्हणतो, "येतंय, येतंय." मग ती वाऱ्याचे विचारते, मासळीचे विचारते आणि शेवटी म्हणते, "जेवलात का?" हा प्रश्न ती दुसऱ्या कुठल्या बोटीला विचारत नाही. हे गुपित फक्त मला माहीत होते आणि ते नेताना मला फार बरे वाटायचे. त्या काही क्षणांत मी घाबरायचेही विसरून जात असे.

दर वर्षी नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ वाजतगाजत निघतो. त्याच्या आधी कोळीवाड्यात होड्या रंगवतात, जाळ्यांच्या जुन्या दोऱ्या काढून नव्या घालतात. काकाही त्या सकाळी आमच्या दोऱ्या बदलत. एक जुनी काढली की लगेच तिथे नवी. ती बांधून झाली की मगच दुसरीला हात. गप्पा मारत, तंबाखू मळत काम चाले, पण हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. शेवटी रॅकच्या पायाशी हळदकुंकू, एक झेंडूचे फूल आणि फोडलेला नारळ. मला ती पूजा आवडायची. त्या दिवशी आपल्याला कुणीतरी मोजते आहे असे वाटायचे.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी रितेश आला. तो रोह्याकडचा. घरी भातशेती, गावात बायको आणि लहान मुलगी. मन लावून काम करणारा, काकांना मान देणारा. काकांनी त्याला दोऱ्यांचे रंग शिकवले आणि त्याने ते पाठ केले. नारळी पौर्णिमेची रीतही त्याने आपणहून चालू ठेवली. त्याने ती सोडली असती तरी चालले असते, असे मला नंतर कितीदा वाटले.

कारण त्या पौर्णिमेला काय झाले ते ऐका. पूजेला ऑफिसची माणसे यायची होती. रितेशला रॅक कसा लख्ख करायचा होता. त्याने आधी आमच्या सगळ्यांच्या जुन्या दोऱ्या कापल्या आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर रांगेने मांडल्या, रॅकमध्ये आम्ही जशा होतो तशाच. मग ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले. वीज गेलेली होती, म्हणून पंखा बंद होता. पुसणे संपत आले आणि वीज आली. पंखा गरगर फिरला. वर्तमानपत्र उडाले आणि दोऱ्यांचे तुकडे खोलीभर पसरले.

रितेश तसाच उभा राहिला, फडके हातात धरून. बाहेर माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले होते. काकाही हळूहळू काठी टेकत येत होते. त्यांना विचारायला हवे होते. पण सणाच्या दिवशी, दहा माणसांसमोर, सगळ्या खुणा मी घालवल्या असे कसे सांगायचे? त्याने डोळे मिटून आठवले आणि भराभर नव्या दोऱ्या बांधल्या. बँक बरोबर आठवली. दवाखाना आठवला. शाळा आठवली. माझ्याजवळ येऊन त्याचा हात थांबला. मग त्याने लाल-हिरवी दोरी माझ्या शेजारणीला बांधली आणि पांढरी माझ्या गळ्यात.

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले ते शब्दांत सांगता यायचे नाही. मी आतून ओरडत होते. माझ्यातून त्याच वेळी प्रकाश धावत होता, कोकिळा कुठल्याशा बोटीला सणाच्या शुभेच्छा देत होती. आणि माझ्या गळ्यात मेलेल्या केबलची दोरी होती. काकांनी रॅकवर हात फिरवला आणि म्हणाले, "छान झालंय रं." त्यांना रंग दिसतच नव्हते.

चूक कुणाला कळलीच नाही, कारण दोरी चुकली म्हणून प्रकाश थांबत नाही. बोटी समुद्रात गेल्या. कोकिळा रोज हाका मारत होती, निकेश उत्तरे देत होता, सगळे सुरळीत होते. मी मात्र जीव मुठीत धरून जगत होते. दार वाजले की दचकायची. कुणी रॅकजवळ आले की आधी त्याच्या हातात काय आहे ते बघायची. उंदीर गेला तरी मला कटर वाटायचा. रात्री इतर जणी शांत असत आणि मी त्या पांढऱ्या दोरीचे ओझे मोजत बसे. दोरी ती केवढीशी, पण मला ती दगडासारखी जड वाटायची.

गणपती झाले आणि वरून हुकूम आला. रॅक फार भरलाय, नव्या लाइनींना जागा नाही, बंद केबल्स काढून टाका.

रितेश सकाळी हत्यारांची पेटी घेऊन आला. माणूस सावध होता, नुसत्या दोरीवर विसंबून कापणारा नव्हता. त्याच्याकडे एक चिमटा होता. केबलला लावला की आत प्रकाश आहे की नाही ते तो सांगतो. पांढऱ्या दोरीवाल्या एकेकीला त्याने तो लावला. आत प्रकाश नाही, मग कापा. मला जरा धीर आला. म्हटले, माझ्यात तर प्रकाश आहे, चिमटा सांगेलच की.

आणि तेवढ्यात टेकडीवरची वीज गेली.

तिथे खांबांचे काम चालले होते, रितेशलाही ते ठाऊक होते. खोपटातली बॅटरी जुनी, ती लगेच बसली. तिकडचे यंत्र बंद पडले की इकडच्या यंत्राचा प्रकाशही थांबतो. माझ्या आत एकदम काळोख झाला. रितेशने लाल-हिरव्या दोरीवालीला चिमटा लावला. प्रकाश नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "बरोबर, टेकडीवर लाईट गेलीय." मग मला लावला. प्रकाश नाही. "हीपण बंदच." दोघींच्या आत सारखाच काळोख होता. एकीच्या काळोखाला कारण सापडले, माझ्या काळोखाला कुणी कारण विचारले नाही.

त्याने माझे टोक यंत्रातून उपटले. कटर माझ्या गळ्याला लागला तेव्हा तो गार होता, एवढेच आठवते. आवाज झाला नाही. पांढऱ्या दोरीसकट माझी शेपटी खाली पडली आणि भिंतीतून माझे थोटूक तेवढे बाहेर उरले. इतर पाच-सहा थोटकांच्या शेजारी, त्यांच्यासारखेच.

मी मेले नव्हते. पण मेलेल्यांमध्ये उभी होते आणि तिथून मला सगळे ऐकू येत होते.

दुपारी टेकडीवर वीज आली. त्यानंतर काही वेळाने कोकिळा गल्ली ओलांडून धावत खोलीत आली. तिचा आवाज मी हजारदा नेला होता, पण असा कधी ऐकला नव्हता.

"रितेश, लाईन बंद हाय. श्रीवर्धनवरून फोन आलाय, तिकडं वारा सुटलाय, इकडंच सरकतोय. बोटींना मागं बोलवायचंय आन् आवाज जातच न्हाय."

"ताई, लाईट गेली होती टेकडीवर. येईल आता."

"लाईट कवाच आलीय. मनोऱ्यावरचा दिवा दिसतोय खिडकीतनं."

रितेशने लाल-हिरव्या दोरीवालीला पुन्हा चिमटा लावला. प्रकाश नाही. त्याने पुन्हा लावला. मग तो खाली पडलेल्या पांढऱ्या दोऱ्यांकडे पाहू लागला.

"ताई," तो म्हणाला, "मी बहुतेक आपलीच लाईन कापलीय."

कोकिळेने दाराबाहेर पाहिले. दक्षिणेकडचे आकाश शिशासारखे झाले होते आणि नारळांची डोकी हलायला लागली होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिला ओरडायचे होते, पण ओरडण्यात वेळ गेला असता. ती एवढेच म्हणाली, "जोडता येती का?"

"येती. पण कुठली ते कळायला हवं. एकेकीला टोक बसवून बघायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल."

त्याने दिनानाथकाकांना फोन केला. घर जवळच. काका छत्री आणि काठी घेऊन आले. रितेशने त्यांना सगळे सांगितले, पौर्णिमेच्या पंख्यासकट, काही लपवले नाही. काका थोटकांवरून बोटे फिरवत राहिले. माझ्यावरूनही फिरवली. मी मनात म्हणत होते, काका, मीच ती, तुम्हीच मला वळसा देऊन आणली. पण त्यांचे बोट पुढे सरकले.

"दोरीबिगर मलापण न्हाय कळत रं," ते म्हणाले. "सगळ्या एका कापाच्या. तू एकदम काढल्यास का दोऱ्या?"

"हो."

"एक काढायची, एक बांधायची. मी तुला सांगितलं न्हाय का कधी?"

"नाही, काका."

काकांनी थोटकांवरून हात काढला. "खरंच न्हाय सांगितलं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, बघून कळतंय."

आता एकच उपाय होता. रितेशकडे लाल उजेडाचे पेन होते. ते केबलच्या एका टोकाला लावले की दुसऱ्या टोकातून लाल ठिपका बाहेर पडतो. टेकडीवरच्या टोकाला पेन लावायचे आणि इकडे कुठले थोटूक लाल होते ते पाहायचे. खोपटाची चावी संस्थेची, म्हणजे कोकिळेकडे. रितेशने इथे टोक बसवायला थांबायला हवे. कोकिळेने पेन पदरात बांधले आणि स्कूटर काढली.

त्या वेळात मला टेकडीचा रस्ता ऐकू येत होता. मी त्याच्याच कडेने जाते ना. सुरूच्या बनात वारा घुसला होता, फांद्या मोडत होत्या. मध्येच स्कूटर घसरल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा सुरू झाली. माझ्या मनात एकच विचार होता. कापताना मी आतून कुठे तडकले असेन तर? लाल उजेड वाटेतच विझला तर? मग मला कुणीच शोधणार नाही, आणि समुद्रावर जी माणसे आहेत त्यांनाही नाही.

खोपटाचे कुलूप उघडले. माझ्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी हात लागला. कोकिळेचा आवाज ओळखीचा होता, हात पहिल्यांदाच लागत होता. तो गार होता. तिने फोन कानाला लावला.

"शेपटी यंत्रातनं काढू का?"

"काढा ताई. सरळ ओढा, वाकवू नका. आणि टोकाला डोळा लावून बघू नका, डोळ्याला इजा होईल."

"काढली. पेन लावलं. दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही दिसत."

खोलीत यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकत होते, खिडकीतून उजेड येत होता. काकांनी खिडकी ओढून घेतली. मग आपली मोठी काळी छत्री उघडली आणि रॅकपुढे धरली. रितेश छत्रीखाली गुडघ्यावर बसला. "ताई, पेन जरा दाबून बसवा," तो म्हणाला.

आणि माझ्या आत काहीतरी आले. नेहमीचा प्रकाश नव्हे, तो कुणाला दिसत नाही. हा लाल होता, जाडाभरडा, वाटेत अडखळणारा. तो सुरूच्या बनाखालून आला, वाड्यांखालून आला, एसटीच्या थांब्याखालून आला. मी त्याला जमेल तेवढा घट्ट धरून आणला.

"दिसला," रितेश म्हणाला. "काका, ही बघा."

काका वाकून डोळा जवळ नेऊ लागले तसे रितेशने त्यांना मागे धरले. "डोळा लावू नका, काका."

"मला कुठं दिसतंय," काका म्हणाले. "तुला दिसला ना? मग लाग कामाला. मी ऑफिसात जातंय. लाईन लागली की हाक मीच मारतंय." छत्री तिथेच उघडी ठेवून ते काठी टेकत गल्लीपलीकडे गेले.

रितेशने माझा सदरा सोलला, काच पुसली, ती सरळ छाटली आणि नवे टोक बसवले. पहिल्यांदा काच वाकडी मोडली. तो थांबला, हात पँटला पुसले, आणि पुन्हा छाटली. "जाईल, जाईल," असे मी मनात म्हणत होते. गेली नाही. टोक बसले, यंत्रात शिरले. तिकडे कोकिळेने शेपटी पुन्हा जागी लावली. माझ्या आत प्रकाश झाला.

खोपटात एक लहानसा स्पीकर आहे, तपासणीसाठी. त्यातून ऐकता येते, बोलता येत नाही. कोकिळा त्याच्याजवळ बसली. दिनानाथकाकांचा आवाज माझ्यातून निघाला, खणखणीत, जणू रिळाजवळ उभे राहून मजुरांना सांगताहेत. "समद्या बोटींनी आयका. वारा येतोय. जाळी सोडा न्हायतर कापा, पण मागं फिरा."

एक बोट बोलली, "फिरलो." दुसरी बोलली. तिसरीने सांगितले की ती आधीच फिरली आहे. बाहेर पाऊस पत्र्यावर आपटू लागला. माऊलीकृपा बोलत नव्हती. काकांनी पुन्हा हाक मारली. काही नाही. कोकिळेने स्पीकरवर हात ठेवला होता. तिचे ओठ हलत होते, पण तिथून बोललेले कुणालाच ऐकू जाणार नव्हते. मी माझ्या सगळ्या अंगाने ऐकत होते. मला वाटले, मी उशिरा जागी झाले.

मग खरखर झाली. खरखरीच्या मागून निकेशचा आवाज आला, लांबून, दमलेला.

"माऊलीकृपा बोलतंय. फिरलाव आमी. मघापासून हाका मारतंय, कोणीच बोलना झालं. पोरं म्हणाली, किनारा हाय का गेला?"

कोकिळेने तिथेच पत्र्याला डोके टेकले आणि रडली. ते मी कुणाला नेऊन दिले नाही, देता येत नव्हते.

बोटी परत आल्या. दोघातिघांना जाळी समुद्रात सोडावी लागली, माणसे सगळी आली. वारा शांत झाल्यावर रितेशने सगळ्या केबल्स पुन्हा एकेक करून ओळखल्या. पलीकडच्या टोकाला कुणीतरी लाल पेन घेऊन आणि इकडे तो. एकीची दोरी बांधून झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. काका खुर्चीवर बसून असत आणि प्रत्येक वेळी विचारत, "बांधली का?" माझी लाल-हिरवी दोरी निकेशने आणून दिली, त्याच्या नव्या जाळ्यातली. रितेशने ती माझ्या गळ्यात बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. कापले तिथून माझा प्रकाश जरासा कमी जातो आणि दार वाजले की मी आजही दचकते. पण आता कुठलीही केबल कापायच्या आधी रितेश कटर खाली ठेवतो आणि फोन उचलतो. तुम्हीसुद्धा मोठे होऊन कुठलीतरी दोरी सोडाल, कुठली तरी तार काढाल, कुणाला तरी बंद पडलेला म्हणाल. तेव्हा एवढेच करा. एक खूण काढली की तिथे लगेच दुसरी बांधा. आणि आत काळोख दिसला, तर कापण्याआधी एकदा पलीकडच्या टोकाला विचारा. तिकडे कुणीतरी हाका मारत असेल, आणि किनारा आहे का गेला, हे त्याला कळत नसेल.